धारपांचा पिक्चर

नाशकात पन्नाशीपुढची चार माणसं कुठल्याही निमित्तानं एकत्र बसली आणि कुणी नारायण धारपांचं नाव काढलं, की चारांतली दोन तरी पुढे सरकून बसतात. 'लुचाई' कुणी कुठे वाचली, 'चेटकीण' वाचल्यावर किती दिवस रात्री मोरीकडे एकट्यानं जायची टाप नव्हती, हे सगळं निघतं. मग एकजण ठरलेला प्रश्न विचारतो, "धारपांवर कुणी पिक्चर का काढत नाही?" कॉलेजात होतो तेव्हा हा प्रश्न ऐकला, नोकरीत ऐकला, आणि आता निवृत्तांच्या कट्ट्यावरही ऐकतो. विचारणाऱ्यांचे केस पांढरे झाले, प्रश्न मात्र काळाभोर राहिला.

धारप 1925चे. 2008 साली गेले. शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिली, आणि त्यातली बरीचशी माझ्या पिढीनं लपूनछपून वाचली. लपून अशासाठी, की हे गाव शिरवाडकरांचं, कानेटकरांचं. घरात 'विशाखा' दर्शनी कपाटात असायची. 1840 साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय गावाच्या मध्यात होतं, पण आम्ही धारप आणले ते गल्लीतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून, पत्र्याच्या फळ्या ठोकलेल्या अंधाऱ्या गाळ्यातून. पुस्तकाला खाकी कव्हर, आत आधीच्या वाचकांच्या पेन्सिलीच्या सूचना, आणि शेवटची दोन पानं बहुतेक वेळा गायब. मराठीचे सर वर्गात म्हणायचे, "असलं वाचून भाषा बिघडते." माझी भाषा बिघडली की नाही ते या सदराच्या वाचकांनी ठरवावं.

धारपांचा पिक्चर हवा, या हट्टात मला नेहमी या खाकी कव्हराची बोच दिसते. भुतं बघायची हौस असती तर ती रामसे बंधूंनी कधीच भागवली असती. आम्हाला हवं होतं ते वेगळं. आपण जे उशीखाली ठेवून वाचलं ते मोठ्या पडद्यावर, चांगल्या कॅमेऱ्यानं, खर्च करून, शहाण्यासुरत्या माणसांनी गंभीरपणे केलेलं एकदा दिसावं, आणि शेजारच्या खुर्चीत मराठीचे सर असावेत.

या वाट पाहण्याला मधूनमधून चारा मिळायचा. कुणी तरी पुण्याहून बातमी आणायचं की अमक्यानं हक्क घेतलेत. ती बातमी दिवाळीपर्यंत चालायची आणि मग आपोआप विरायची. आणि हे चाललं असताना, आम्हाला कुणालाच पत्ता नसताना, एक मुलगा खरोखरच कामाला लागला होता.

राही अनिल बर्वे हे त्याचं नाव. 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा मुलगा. 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्याला धारपांची एक कथा सांगितली आणि ती त्याच्या डोक्यात बसली. 1997मध्ये, अठराव्या वर्षी, त्यानं पहिला खर्डा लिहिला. पुढे सातशे पानांचा स्टोरीबोर्ड काढला. निर्माते आले, गेले. 2012मध्ये एकदाचं शूटिंग सुरू झालं. जोडून पाहिल्यावर दिग्दर्शकाला आणि निर्माता-नट सोहम शाहला ते मनासारखं वाटेना, म्हणून पुन्हा लिहिलं, पुन्हा चित्रित केलं. पाऊस खराच हवा होता, म्हणून चार पावसाळे गेले. 2015मध्ये चित्रीकरण आटोपलं, आणि 12 ऑक्टोबर 2018 रोजी 'तुंबाड' लागला. पहिल्या खर्ड्यापासून मोजलं तर एकवीस वर्षं. तेवढ्यात आमच्या गोदाकाठी 2003चा आणि 2015चा असे दोन सिंहस्थ होऊन गेले. सिंहस्थाचं निदान पंचांगात लिहिलेलं असतं, गुरू सिंहेत गेला की साधू येणारच. सिनेमाचं तसं काही नसतं.

उशिराच्याही जाती असतात. माझ्या भाचीनं एक वेगळाच उशीर भोगलाय. ती हॅरी पॉटरची. सहावा चित्रपट नोव्हेंबर 2008मध्ये यायचा होता. तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारखेभोवती लाल गोल काढून ठेवला होता. स्टुडिओनं ऐनवेळी तो जुलै 2009पर्यंत ढकलला. पिक्चर अडला नव्हता. हॉलिवूडच्या लेखकांच्या संपामुळे पुढच्या उन्हाळ्यात मोठे सिनेमे कमी होते आणि ती मोकळी जागा कंपनीला भरायची होती, एवढाच हिशोब. भाची रडून लाल. "मामा, तयार आहे तर दाखवत का नाहीत?" म्हणाली. मी व्यापाराचं गणित समजावून सांगितलं, त्यानं ती आणखी रडली. तिचा राग रास्त होता. माल गोदामात असताना भाव वाढण्याची वाट बघणं आम्हा नाशिककरांना कांद्यामुळे चांगलं कळतं, पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं.

'तुंबाड' आल्यावर एक मत फार चाललं, की एवढा वेळ लागला म्हणूनच एवढा चांगला झाला. मला हे अर्धंच पटतं. उशीर झाल्यानं सिनेमा चांगला होत असता तर डब्यात गेलेले सगळे सिनेमे सोन्याचे निघाले असते. आणि या गावानं तर उशिराचा दुसरा चेहराही पाहिला आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1917मध्ये 'लंकादहन' केला तेव्हा मारुती उडाला, लंका जळली, राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंक्यांनी केल्या, आणि पैशांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या अशी कथा आजही सांगतात. 1918मध्ये नाशकात हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. (योगायोग असा, की 'तुंबाड'ची गोष्टही पडद्यावर 1918मध्येच सुरू होते.) अद्भुत गोष्ट पडद्यावर आणायची तर नाशकातच, असे ते दिवस होते. पण त्याच फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून सुरू झाला आणि मधेच पैसे संपले. तो रखडलेला असताना 1931मध्ये 'आलम आरा' येऊन जग बोलायला लागलं. मग त्यावर मागाहून आवाज चढवून तो दाखवावा लागला. तिथे उशिरानं काही घडवलं नाही, फक्त माणूस थकवला. फाळके 1944 साली इथेच, नाशकात वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. सुट्टीत मुलं तिथे कारंजी बघायला जातात.

बर्व्यांच्या बाबतीत उशीर फळला, कारण हाती असलेलं टाकून पुन्हा करायची तयारी होती आणि ती पेलणारा निर्माताही होता. हे दोन्ही एकत्र मिळणं मराठी मुलखात दुर्मीळ. म्हणून मला वेळेचं कौतुक कमी आणि टाकून दिलेल्या रिळांचं जास्त वाटतं.

पहिल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा थिएटर अर्धं रिकामं होतं. चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र होतं, म्हणजे धारप ज्या वयात वाचतात त्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांना दारातच अडवलेलं. सोबत माझा एक मित्र होता, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेला आणि धारपांची पारायणं केलेला. पडद्यावर साखळदंडानं बांधलेली ती आजी दिसली आणि त्यानं माझा हात दाबला. ओळख पटली होती. धारपांच्या 'आजी' कथेतली म्हातारी पडदाभर मोठी होऊन समोर आली होती. मजा म्हणजे ती म्हातारी उभी केली होती मोहम्मद समद या पोरानं, जो त्याच सिनेमात नायकाचा मुलगाही आहे. पुढे नायकाच्या बायकोच्या भूमिकेत आमच्या नाशिकची अनिता दाते आली. मित्राला त्याचं कौतुक नव्हतं. मध्यंतरात त्यानं विचारलं, "ते सगळं ठीक आहे रे, पण यात समर्थ कुठंयत?"

समर्थ हे धारपांचं मानसपात्र, दुष्ट शक्तींशी झुंजणारं. माझ्या मित्राच्या लेखी धारप म्हणजे समर्थ, बाकी सगळं तोंडीलावणं. आणि 'तुंबाड'मध्ये समर्थ नाहीत. कुणी वाचवायला येत नाही. नाव पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण करून देणारं, वाडा सासवडचा, सोन्याच्या मोहरांची हाव मात्र अस्सल आपलीच. धारपांचं बी घेऊन बर्व्यांनी भलतंच झाड लावलं. मित्र म्हणाला, "सोन्याच्या मोहरांचं मला सांगू नकोस, मी आयुष्यभर नोटांच्या गठ्ठ्यांत उभा होतो, एकीलाही भुललो नाही." छापखान्याच्या फाटकावर रोज झडती व्हायची, हे त्यानं सांगितलं नाही.

मूळ कथेशी इमान राखलं नाही, अशी तक्रार धारपांच्या वाचकानं करावी याची मला गंमत वाटते. कारण 'आजी' ही कथासुद्धा स्टीफन किंगच्या 'ग्रामा'वरून आलेली. 'लुचाई'मागे 'सालेम्स लॉट' आहे, 'शपथ'मागे 'इट' आहे. किंगचं अमेरिकेतलं मेन राज्य धारपांनी उचललं आणि आपल्या माजघरात, परड्यात, एसटी स्टँडवर असं बसवलं की आम्हाला वर्षानुवर्षं शंका आली नाही. रॉकेलच्या कंदिलाचा वास किंगमध्ये कुठून येणार? तो धारपांचाच. तेव्हा रूपांतर म्हणजे काय हे आम्हाला धारपांनीच शिकवलं होतं. पिक्चर काढायच्या आधीच ते एका अर्थानं पिक्चर काढून मोकळे झाले होते, फक्त कागदावर. बर्व्यांनी त्यांच्याशी तेच केलं जे त्यांनी किंगशी केलं. मला यात गुरुशिष्याचं नातं दिसतं, मित्राला चोरीवर चोरी दिसते. वाद मिटलेला नाही.

ऑगस्ट 2018च्या अखेरीस व्हेनिसच्या महोत्सवात क्रिटिक्स वीकचा आरंभ 'तुंबाड'नं झाला. तो मान मिळालेला तो पहिला भारतीय चित्रपट. त्या बातमीनं मला जे वाटलं ते चित्रपट पाहूनही वाटलं नाही. खाकी कव्हरातली गोष्ट व्हेनिसला गेली होती. बातम्यांत सोहम शाह होते, बर्वे होते, सहलेखक आनंद गांधी होते. धारप शोधावे लागत होते. त्याच वर्षी झी मराठीवर त्यांच्या कादंबरीवरून 'ग्रहण' मालिकाही आली, साकेत प्रकाशनाच्या नव्या कोऱ्या आवृत्त्या दुकानात दिसू लागल्या. पण धारपांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

हे एकट्या त्यांचं नाही. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' 1982ची, चित्रपट आला 2013मध्ये, शिरवळकर 2003मध्येच गेलेले. त्यांच्याच 'समांतर'ची वेबमालिका तर 2020ची. भा. रा. भागवत 2001मध्ये गेले आणि त्यांचा फास्टर फेणे 2017मध्ये पडद्यावर सायकल घेऊन आला. ज्यांची पुस्तकं पोरांनी फाटेस्तोवर वाचली त्या लेखकांचे सिनेमे त्यांच्या पश्चातच का येतात, याचं एक साधं उत्तर आहे. वाचणारी पोरं मोठी होऊन सिनेमा काढण्याइतके पैसे किंवा हट्ट जमवतात, त्याला तीसेक वर्षं लागतात. आधीची पिढी पैसे राखून असते, पण तिनं ती पुस्तकं पोरांच्या हातून काढून घेतलेली असतात.

प्रतिष्ठेचा दरवाजा मधे थोडा किलकिला झाला तोही नाशकातच. डिसेंबर 2021मध्ये इथे चौऱ्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणारा माणूस संमेलनाध्यक्ष झाला हे मंडपात बसलेल्या आम्हा काही जणांना फार गोड वाटलं. विज्ञानाचा अंगरखा असला की कल्पनेला आत घेतात. भुताखेतांचा अंगरखा घातलेली कल्पना अजून मंडपाबाहेर वडापाव खात उभी आहे.

सप्टेंबर 2024मध्ये 'तुंबाड' पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. या वेळी थिएटर भरलेलं होतं, मागच्या रांगेत कॉलेजची पोरं आजी दिसण्याआधीच एकमेकांना "आता बघ" म्हणत होती. 2018मध्ये ज्यांना दारात अडवलं ती हीच असावीत. दुसऱ्या भागाचीही घोषणा झाली आहे, त्यात बर्वे नाहीत. म्हणजे वाट पाहायला नवी सोय झाली.

मित्राला दुसऱ्या भागात रस नाही. त्याचं समर्थांवर अडलंय. गंगापूर रोडवर चहा पिताना आमचा तासभर या एकाच विषयात जातो की समर्थांचं काम कुणी करावं. मी सुचवलेलं प्रत्येक नाव तो मोडीत काढतो. एकाचा आवाज बारीक, एकानं साबणाची जाहिरात केलेली, एक फारच देखणा. शेवटी वैतागून मी म्हटलं, "तुझ्या मनासारखे समर्थ कुणाला जमणारच नाहीत, मग उद्या खरंच पिक्चर आला तर जाशील का रे?"

"पहिल्या दिवशी पहिल्या शोला," तो म्हणाला. "चुका काढायला कुणी नको?"