कोरड्या भुवया आणि ओला आग्रह

गेल्या वैशाखात मुरारमधील आमच्या परिचयाच्या एका घरी मुलीचे लग्न निघाले. घाणा भरला, उष्टी हळद लागली, मंगलस्नानासाठी चौरंग मांडला गेला. सुवासिनींनी तांब्या उचलला आणि वधूच्या मस्तकावर ऊन पाण्याची धार धरली. मुलगी कळवळली, पण सभोवार गाणी चालली होती, ते कोणाच्या ध्यानात आले नाही. सायंकाळी तिच्या दोन्ही भुवया सुजल्या, तिसऱ्या दिवशी त्यांतून पू वाहू लागला, आणि मांडवपरतणीच्या आधी तिला दवाखान्याची वाट धरावी लागली. चौकशी करता कळले, की लग्नाच्या पाच दिवस अगोदर तिने भुवया गोंदवून घेतल्या होत्या. 'दहा दिवस पाणी लागू देऊ नका' असे तिला बजावलेही होते. परंतु हे आजीला सांगण्याचे धैर्य तिला झाले नाही.

यावरून घरात दोन पक्ष पडले. वडीलधारे म्हणाले, हे त्या सुईचे पाप. तरुण मंडळी म्हणाली, हे तुमच्या रूढीचे पाप. दोष सुईचा, हळदीचा की पाण्याचा, हे डॉक्टरांनाही निश्चित सांगता आले नाही. आम्हांला मात्र दोन्ही पक्ष एकाच चुकीचे धनी वाटतात. जखमेला जखम म्हणण्यास कोणीच तयार नव्हते. एका पक्षाने तिला नखरा म्हटले, दुसऱ्याने शृंगार म्हटले. आणि या दोन शब्दांच्या आड मुलीची सोललेली कातडी लपून राहिली.

ज्याला आज 'मायक्रोब्लेडिंग' म्हणतात तो प्रकार आहे तरी काय? बारीक सुयांची ओळ बसविलेल्या हत्याराने भुवईच्या जागी केसासारख्या रेघा ओढतात आणि त्या चिरांत रंग भरतात. म्हणजे हे गोंदणेच होय. वरची त्वचा भरून येण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि रंग पुरता स्थिरावण्यास महिना-दीड महिना. या काळात वाहते पाणी, साबण, वाफ व घाम यांनी खपली मऊ पडते. ती अकाली निघाली की तिच्याबरोबर रंगही जातो आणि उघड्या जागी जंतूंना वाट मिळते. 'भुवया कोरड्या ठेवा' या सांगण्याचा अर्थ एवढाच. त्या लाकडासारख्या सुकवा, असा तो नव्हे. जॉर्ज विंटर या संशोधकाने 1962 मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखविले, की झाकून किंचित ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्यावर सुकलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. म्हणून सांगितलेले मलम पातळसे लावावे, स्वच्छ ओल्या कापसाने हलकेच टिपून घ्यावे. धार तेवढी टाळावी.

आता आमचा पहिला वाद वडीलधाऱ्यांशी आहे. डोक्यावरून पाणी घेतल्यावाचून स्नान नाही आणि स्नानावाचून मंगल नाही, असा आपला आग्रह. परंतु ज्या शास्त्राच्या नावाने हा आग्रह धरला जातो, ते शास्त्र आपल्याइतके कठोर नाही. आपल्या धर्मनिबंधांत स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत : मान्त्र, भौम, आग्नेय, वायव्य, दिव्य, वारुण व मानस. पाण्यात बुडून केलेले वारुण स्नान हा त्यांतील केवळ एक. ज्याला पूर्ण स्नान सोसत नाही त्याच्यासाठी मस्तक वगळून केलेले, 'अशिरस्क' म्हटलेले स्नान सांगितले आहे. तेही न झेपल्यास ओल्या वस्त्राने अंग पुसणे पुरेसे मानले आहे. ताप आलेल्या माणसाला आपण हीच सवलत निःशंकपणे देतो. मग ज्या मुलीच्या कपाळाखाली दोन ताज्या जखमा आहेत तिला ती का नाकारावी? तिने ती हौसेने करून घेतली म्हणून? शास्त्राने दुखण्याचे कारण विचारून सवलत दिलेली नाही.

आणि 'आपल्यात हे नव्हते' असे म्हणणाऱ्यांनी आपल्या पणजीचे हात आठवावेत. महाराष्ट्रात काय आणि गोव्यात काय, हातांवर, कपाळावर, हनुवटीवर हिरवे गोंदण मिरविणाऱ्या स्त्रिया आपण पाहिल्या आहेत. मेल्यावर गोंदण तेवढे बरोबर येते, असे त्या अभिमानाने सांगत. त्यांनी टोचून घेतले ते लेणे, आणि नातीने टोचून घेतले तो परदेशी थेर, हा न्याय आम्हांला उमगत नाही.

महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, शिंदेशाहीच्या आश्रयाने लष्कर-मुरारमध्ये वसलेल्या आम्हां घराण्यांना रीतीभाती घट्ट धरून ठेवाव्या लागल्या, हे आम्ही जाणतो. कोकणात व गोव्यात नरकचतुर्दशीला पायाखाली फोडतात ते कारीट मुरारच्या बाजारात आमच्या तरी पाहण्यात आलेले नाही. पण पहाटेचे अभ्यंग आम्ही सोडले नाही. हे आमचे बळ आहे. परंतु रीत टिकविणे निराळे आणि तिच्या टोकाला लेकीसुनेचे दुखणे बांधणे निराळे. तेल, उटणे आणि कढत पाण्याची वाफ ही निरोगी अंगाला सुखकर. ताज्या खपलीला तीच घातक.

आमचा दुसरा वाद तरुण मुलींशी व त्यांच्या सल्लागारांशी आहे. लग्न ज्येष्ठात आणि भुवया गोंदविणे त्याच ज्येष्ठात, ही कसली घाई? ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. स्नान टाळले तरी घाम टळत नाही. त्यात मुंडावळ्यांचा घासरा, अक्षतांचा मारा, हळदीचा व कुंकवाचा कण. भुवई ही डोळ्यांवरची वळचण. वरून येणारे सारे तिच्यावरच अडते. हे करावयाचेच असेल तर लग्नाच्या वा दिवाळीच्या निदान दीड-दोन महिने आधी करावे. सुई नवी आहे व आपल्यासमोर उघडली आहे, हे पाहावे; दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून काविळीचे जंतू येतात. रंगही निर्धोक असतोच असे नाही. 2011-12 मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात गोंदणाच्या शाईतूनच जंतुसंसर्ग पसरल्याचे उघडकीस आले होते. शिवाय गोंदविल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हेही जाणून असावे.

आणि सर्वांत मुख्य म्हणजे ते लपवू नये. लपविलेल्या जखमेवर कोणाची माया चालत नाही. त्या दिवशी तांब्या धरणारे हात वैऱ्याचे नव्हते. त्यांना ठाऊक असते तर त्यांनीच तो खाली ठेवला असता, असे आम्हांला वाटते. पण ज्या घरात खरे बोलल्यावर आधी टोमणा मिळतो, त्या घरात मुली गप्प राहावयास शिकतात. म्हणून या लपवाछपवीचा निम्मा दोष आम्हां वडीलधाऱ्यांकडेच येतो.

व्यवहार तर अगदी सोपा आहे. अंगावरचे पाणी गळ्याखालून घ्यावे; शॉवरखाली तोंड धरू नये. केस धुणे अगदीच अटळ असेल तर पाटावर बसून मान मागे टाकावी, भुवयांच्या वर कपाळाला घट्ट पंचा बांधावा, आणि दुसऱ्या कोणी मागच्या बाजूने कोमट पाणी ओतावे. पूर्वी बाळंतिणीला न्हाऊ घालताना घरातल्या बायका हेच करीत. ते हात अजून घराघरांत आहेत. मंगलस्नानात पहिली धार मस्तकाऐवजी खांद्यावर धरावी, मस्तकावर दूर्वेने दोन थेंब शिंपडावेत. गाणी तीच राहू द्यावीत. सूज वाढली, पू दिसला वा ताप आला, तर घरगुती लेप न लावता डॉक्टर गाठावा.

ती मुलगी आता बरी आहे. डाव्या भुवईवर एक पांढरा वण तेवढा राहिला आहे. आजी तिच्याकडे पाहते आणि म्हणते, 'मला सांगितले असतेस तर!' आमचे आजीला, आणि आजीच्या वयाच्या आम्हां सर्वांना, नम्रपणे विचारणे आहे : तिने सांगितले असते, तर आपण ऐकले असते काय? या प्रश्नाचे उत्तर येत्या लग्नसराईच्या आत आपापल्या घरी ठरवावे.