राजीनामा लिहिण्याआधी

नोकरी बदलायची आहे, असं तुम्ही घरात किती वर्षं म्हणताय? बोनस हातात आला की बघू. भातलावणी उरकली की बघू. मग मुलीची दहावी येते आणि विषय पुन्हा मागे पडतो.

आपल्या पट्ट्यात घोटावड्यात, घोटावडे फाट्यावर, पिरंगुटला, माणला असं म्हणणारी माणसं घरोघर सापडतील. कुणी पिरंगुटच्या कंपनीत ठेकेदाराकडे आहे. कुणी हिंजवडीत हाउसकीपिंगला जातं, कुणी तिथेच कॉम्प्युटरपुढे बसतं. कुणी आयटीवाल्यांची ने-आण करतं. पगाराचे आकडे वेगवेगळे, पण धास्ती एकच. ही सुटली आणि ती टिकली नाही तर?

या धास्तीची लाज वाटून घेऊ नका. घरात हप्ते चालू आहेत, म्हातारी माणसं आहेत, मग ती वाटणारच. तिला हाकलत बसण्यापेक्षा कामाला लावा. ती जे प्रश्न विचारते ते वहीत लिहा आणि एकेकाचं उत्तर शोधा. धीर त्यातूनच येतो. भाषणं ऐकून आलेला धीर सोमवारच्या पहिल्या पाळीपर्यंत पुरत नाही.

धीर कसा येतो, ते मला स्केटिंगमध्ये दिसतं. आमच्या लहानपणी गावात स्केटिंग म्हणजे बेअरिंगचा गाडा. गॅरेजमधून टाकाऊ बेअरिंग मागून आणायची, फळीखाली ठोकायची आणि डांबरी उतारावर गाडा सोडून द्यायचा. खडखडाट अख्ख्या आळीला ऐकू जायचा. ब्रेक नव्हताच. चप्पल रस्त्याला घासूनच थांबायचं. चपलेचा तळ झिजला की घरी बोलणी खायची. पुढे पुण्यातल्या नातेवाइकांकडे खरे स्केट पाहिले. लोखंडी चाकांचे, बुटावर पट्ट्याने बांधायचे, किल्लीने लहानमोठे करायचे. जोडी एक आणि पोरं चार. मग दोघांनी एकेका पायात एकेक घालायचा आणि दुसऱ्या पायाने रेटा द्यायचा. ज्याच्या वाट्याला डावा यायचा तो रुसायचा.

आता भूगाव, बावधनच्या सोसायट्यांमध्ये मुलांचे स्केटिंगचे क्लास चालतात. कधी तरी कडेला उभं राहून बघा. नवीन मुलाला सर लगेच पळवत नाहीत. आधी हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांची पॅड बांधायला लावतात. मग गुडघे वाकवून उभं राहणं, तोल गेला तर पुढे पॅडवर पडणं आणि थांबणं. एवढं अंगात भिनलं की मूल आपोआप सुसाट सुटतं. पडलो तर काय करायचं हे ज्याला ठाऊक असतं, ते पोरगं बिनधास्त होतं.

तुम्हीही नोकरी बदलताना आधी थांबण्याची आणि पडण्याची सोय बघा.

सुरुवात घरखर्चापासून करा. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की नवरा-बायको दोघं वही घेऊन बसा. आई-वडील जवळ असतील तर त्यांनाही बसवा. हप्ता, किराणा, शाळेची फी, व्हॅन, गॅस, औषधं, भिशी, मोबाइल, सगळं लिहा. लग्नाकार्यातला आहेरसुद्धा लिहा. तो आपण कधीच धरत नाही आणि दरवर्षी तोच अंगावर येतो. मग बघा, पगार आला नाही तर घर किती महिने चालेल. सहा महिन्यांची सोय असेल तर उत्तम. तीन महिन्यांचीही नसेल, तर नवीन नोकरी जरूर शोधा, पण हातातली सोडू नका. शोधायला पैसे लागत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. रस्त्यालगतची एक-दोन गुंठे जमीन विकली जाते, खात्यात रक्कम येते आणि मुलगा म्हणतो, आता कशाला हवी दुसऱ्याची चाकरी? मला हे पटत नाही. जमिनीचे पैसे दिसतात मोठे, पण बंगला, गाडी आणि एक लग्न यांत ते कुठे जातात कळत नाही. पगार दर महिन्याला येतो, जमीन एकदाच विकली जाते. ते पैसे घरखर्चाला धरू नका.

कर्ज काढून गाडी घेऊन कंपनीला लावायचा विचार असेल, तर २०२० चा मार्च आठवा. टाळेबंदी लागली, हिंजवडीतलं काम लोकांच्या घरी गेलं आणि ने-आण करणाऱ्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिने हप्ते थांबवायची सवलत दिली. पण त्या काळातलं व्याज चढतच राहिलं. ज्यांच्या घरात दुसरी कमाई होती, थोडी शेती होती, ते निभावले. म्हणून दोघांनी एकाच वेळी उडी मारू नका. एकाची मिळकत ठरलेली असू द्या, मग दुसऱ्याने धाडस करावं.

नवीन पगाराचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. समजा, चाकणला पाच हजार जास्त देतायत. रोज येऊन-जाऊन सत्तर किलोमीटर धरा. महिन्याला पंचवीस दिवसांचे १,७५० किलोमीटर झाले. मोटरसायकल पन्नासचं ॲव्हरेज देत असेल, तर ३५ लिटर पेट्रोल. म्हणजे साधारण साडेतीन हजार तिथेच गेले. उरलेल्या दीड हजारासाठी रोजचे दोन-तीन तास ट्रॅफिकमध्ये आणि रात्रपाळीहून परतताना डोळ्यांवर झोप. कंपनीची बस आहे का, हे पगाराआधी विचारा.

कागद हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. तोंडी शब्दावर नाही, फोनवर नाही, 'जॉइन व्हा, लेटर मागून देतो' यावर तर नाहीच. नेमणुकीच्या पत्रात हुद्दा, पगार, रुजू व्हायची तारीख आणि कामाची जागा लिहिलेली हवी. तुम्ही कंपनीचे की ठेकेदाराचे, हेही त्यातून स्पष्ट झालं पाहिजे.

इथे मला स्केटिंगचीच एक शर्यत आठवते. २ ऑक्टोबर २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई खेळांत पुरुषांची ३,००० मीटर रिले होती. कोरियाचा शेवटचा गडी सगळ्यांच्या पुढे होता. रेषा यायच्या आधीच त्याने आनंदाने हात वर केले. मागून येणाऱ्या तैवानच्या गड्याने पाय लांबवला आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्णपदक नेलं. तिसरा आलेला संघ आपला होता आणि त्यात विक्रम इंगळे, सिद्धांत कांबळे ही मराठी मुलं होती.  तेव्हा त्या कोरियन गड्यासारखे आधीच हात वर करू नका, पेढे रुजू झाल्यावर वाटा. आधी वाटलेल्या पेढ्यांचं गावात फार हसू होतं.

आता पैशांचं. जुन्या कंपनीतला भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीएफ, मोडू नका. तुमचा यूएएन नंबर जन्मभर एकच राहतो. तोच नव्या कंपनीत द्या आणि जुनी रक्कम त्यात वळवून घ्या. पाच वर्षांची नोकरी होण्याआधी पीएफ काढला तर त्यावर कर लागू शकतो. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी धरतात. दर वेळी पैसे काढून मोकळे झालात, तर ती वर्षं जुळत नाहीत. आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव एकच आहे का, तेही बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे पैसे इथेच अडकतात.

ग्रॅच्युइटीसाठी साधारण पाच वर्षं सलग नोकरी लागते. मुदतीच्या करारावर थेट कंपनीत असाल तर नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत एका वर्षाची अट आहे, म्हणून कार्यालयात विचारा. हिशोब सोपा आहे. शेवटच्या मूळ पगाराला आणि महागाई भत्त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि जेवढी वर्षं झाली तेवढ्याने पुन्हा गुणायचं. वीस हजार मूळ पगार आणि सहा वर्षं असतील, तर ६९ हजारांच्या वर होतात. पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिने उरले असतील, तर तेवढी कळ काढा. मुलाची वर्षाची फी त्यात निघेल.

कंपनीचा मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. नव्या कंपनीचा कधी सुरू होतो, आई-वडील त्यात बसतात का, हे विचारा. मधल्या दिवसांत कुणी आजारी पडलं तर सगळा खर्च खिशातून. जमलं तर घराचा स्वतःचा एक विमा वेगळा ठेवा. नोकरी बदलली तरी तो राहतो.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली, तर जुन्या कंपनीत मिळालेला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. नाही तर दोन्हीकडे सवलत धरली जाते आणि वर्षअखेरीस एकदम कर भरावा लागतो.

निघताना भांडून निघू नका, कितीही राग असला तरी. नोटीस पूर्ण करा. कामावरून मुक्त केल्याचं पत्र, अनुभवाचा दाखला, शेवटच्या काही महिन्यांच्या पगार स्लिप आणि हिशोबाचा कागद मागून घ्या. सगळ्याची एक फाइल करून कपाटात ठेवा. सुपरवायझरशी चार शब्द बरे बोला. या पट्ट्यात माणसं कंपन्या बदलत फिरतात. आजचा सुपरवायझर उद्या तिकडे भेटतो.

नोकरीसाठी कुणालाही पैसे देऊ नका. नोंदणीचे, गणवेशाचे, मेडिकलचे, काहीही सांगून मागितले तरी नाही. मूळ गुणपत्रिका आणि मूळ दाखले कुणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. फोनवर मुलाखत आणि लगेच लिंकवर पैसे असं असेल, तर ती फसवणूक समजा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा. लाजून दोन दिवस गप्प बसलात, तर पैसे परत मिळायची आशाही जाते.

इतकं सगळं वाचून वाटेल, मग नोकरी बदलायचीच नाही का? बदला ना. तयारीला वर्ष लागलं तरी चालेल. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. नाटकं ते वैद्यकीच्या शिक्षणापासून करत होते. पूर्णवेळ रंगभूमीवर आले ते १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिशीत. तोवर वर्षानुवर्षं दवाखाना आणि तालीम दोन्ही चाललं होतं. दुसरा दाखला अलीकडचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २०१५ मध्ये रेल्वेत लागला, तिकीट तपासनीस झाला. नेमबाजी महागडी, पण पगारामुळे तिचा खर्च झेपला. बालेवाडीत सराव करत राहिला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं. एकाने पेशा सोडला, दुसऱ्याने नोकरी धरून ठेवली. घाई दोघांनीही केली नाही.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे मी थांबा म्हणणार नाही. यंत्राला गार्ड नाही, आग लागली तर बाहेर पडायचं दार कुठे ते कुणाला ठाऊक नाही, रसायनांचा वास येतो आणि मालक म्हणतो सवय होईल. किंवा पगार तीन-तीन महिने थकतो. किंवा कुणी अंगचटीला येतं. जून २०२१ मध्ये आपल्याच उरवड्यात कारखान्याला आग लागली. त्यात जीव गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या, घर चालवायला कामाला जाणाऱ्या. अशा धोक्याच्या जागी सहा महिन्यांच्या शिलकीची वाट बघू नका. बाहेर पडा. कमी पगाराचं काम धरा, चार महिने उसनवारी झाली तरी चालेल. जिवापुढे हप्ता मोठा नाही.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगतो. लेक, सून, मुलगा, जावई, कुणीही म्हणालं की नोकरी बदलावी वाटते, तर लगेच 'चांगली चाललीय की, कशाला?' असं म्हणू नका. तुमच्या काळी एकाच कंपनीत तीस वर्षं निघाली असतील. आता पर्मनंटचा कागदच फार थोड्यांना मिळतो. त्यांचं पूर्ण ऐकून घ्या. मग वही मागवा आणि घरखर्चाचा पहिला आकडा तुम्ही सांगा, तुमच्या औषधांचा.