डिस्क बदलण्याआधी तपासणीचे पैसे घ्या



गॅरेज टाकायचा विचार करणारे बरेच जण आपला चॅनल बघतात, त्यांच्यासाठी आजचं लिखाण. माझं मत आधीच सांगून टाकतो. गावातल्या गॅरेजवाल्याने दुरुस्तीच्या आधी तपासणीचे वेगळे पैसे घेतले पाहिजेत, आणि ते हक्काने मागता येतील अशी तपासणी शिकली पाहिजे.

उदाहरण एकच घेऊ. समजा, तुमचं गॅरेज ओतूरला, कल्याण-अहिल्यानगर हायवेला लागून आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेज बघायला मुंबईच्या गाड्या येतात, श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेची गर्दी वेगळीच. त्यातली एक स्पोर्ट्स कार तुमच्या दारात थांबते. मालक सांगतो, "ब्रेक दाबला की पेडल पायाखाली वर-खाली होतं, स्टिअरिंग थरथरतं. संध्याकाळी घाट उतरून घरी जायचंय."

अशा वेळी आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं: "डिस्क बेंड झालीय, बदलावी लागेल." गिऱ्हाईक घाबरलेलं असतं, पैसे देतं. नवी डिस्क बसते, गाडी लोण्यासारखी थांबते. पाच-सात हजार किलोमीटर झाले की थरथर परत हजर! आता तो माणूस तुमच्याकडे येत नाही, चार लोकांना तुमचं नाव मात्र सांगतो.

असं का होतं ते समजून घ्या, कारण धंद्याची मेख इथेच आहे. बहुतेक वेळा डिस्क उष्णतेने वाकलेली नसते. हबवर गंज किंवा कचरा राहिला, किंवा नट गनने वाटेल तसे आवळले, तर डिस्क किंचित तिरकी बसते. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तिचा एकच भाग पॅडला घासत राहतो, ब्रेक न दाबताही. हजारो किलोमीटरमध्ये तो भाग बाकीच्यापेक्षा पातळ होतो. ब्रेक दाबल्यावर जाड-पातळ भाग पॅडखालून जातात आणि तेच तुमच्या पायाला पेडलमधून कळतं. म्हणजे नवी डिस्क त्याच गंजलेल्या हबवर बसवली, तर तुम्ही पुढच्या तक्रारीचं बी पेरून दिलंत.

दुसरं कारण स्पोर्ट्स कारमध्ये जास्त दिसतं. जोरात चालवून ब्रेक तापलेले असतात, आणि माणूस गाडी थांबवून पेडल तसंच दाबून धरतो. पॅडचा मसाला त्या जागी डिस्कला चिकटतो. डिस्क चांगली असते, फक्त तिच्यावर डाग बसलेला असतो.

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी करा. थरथर ब्रेक न मारताही येते का? मग आधी चाकाचं बॅलन्सिंग आणि वाकलेली रिम बघा. स्टिअरिंग हलतं का सीट? स्टिअरिंग हललं तर संशय पुढच्या चाकांवर, सीट हलली तर मागच्या. ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारल्यावरच पेडलला भराभर झटके बसत असतील, तर ते एबीएसचं नेहमीचं काम आहे, तिथे बिल फाडू नका. नट शेवटचे कधी आणि कशाने आवळले, हेही विचारा.

मग मापं. चाक काढा, डिस्क नटांनी हबवर घट्ट बसवा, चुंबकी स्टँडवर डायल गेज लावा. टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण 10 मिलीमीटर आत ठेवून एक फेरा फिरवा. बऱ्याच गाड्यांत 0.05 ते 0.10 मिलीमीटरच्या वर डगमग चालत नाही. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचा. 0.05 म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी, नुसत्या डोळ्याला दिसणारच नाही! नंतर मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजा. सगळीकडची मापं जुळली पाहिजेत. दोन शतांश मिलीमीटरचा फरकही पायाला जाणवू शकतो. व्हर्नियर इथे कामाचा नाही. डगमग जास्त निघाली तर डिस्क काढून हब घासून स्वच्छ करा, परत मोजा. पुष्कळदा गोष्ट तिथेच मिटते. जाडी कमी-जास्त झाली असेल तर लेथ किंवा नवी डिस्क, पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली लेथ मारायची नाही. महागड्या गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कला तर आपल्याकडचा लेथ लावूच नका.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आमच्याकडे बघण्याचे पैसे कोण देतं?" जुन्नर तालुक्यातला कांदा-टोमॅटोवाला शेतकरी खत टाकण्याआधी माती परीक्षणाचे पैसे देतो की नाही? कारण त्याच्या हातात कागद पडतो. तुम्हीही कागद द्या. चारही चाकांची मापं, गाडीचा नंबर, तारीख, खाली सही. नुसतं "बघतो" म्हणून बोनेट उघडण्याचे पैसे कुणी देणार नाही, आणि देऊही नयेत.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. स्पोर्ट्स कारच्या भरवशावर ओतूरला गॅरेज चालणार नाही, अशा गाड्या मोजक्याच येतील. पण हीच पद्धत स्विफ्टला लागू पडते, आणि आळेफाट्याकडे कांदा घेऊन जाणाऱ्या पिकअपच्या पुढच्या डिस्कलाही. तीच तुमची रोजची भाकरी. म्हणून माझं म्हणणं, फ्लेक्स आणि काचेच्या केबिनवर खर्च करण्याआधी डायल गेज, मायक्रोमीटर आणि टॉर्क पाना घ्या. गन नट सोडायला वापरा, शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानेच, समोरासमोरचे नट घेत.

आणि तो मुंबईवाला? पॅड शिल्लक आहेत, ब्रेक ऑइल ठीक आहे, डिस्कला तडा नाही, हे बघूनच त्याला सोडा. घाटात लहान गिअरमध्ये उतरायला सांगा, तापल्यावर पेडल दाबून उभं राहू नको म्हणून सांगा. तडा दिसला तर गाडी टोइंगवरच जाईल, तो कितीही घाईत असला तरी. त्या दिवशी तुमचं बिल फक्त तपासणीचं. तेवढं मात्र पूर्ण घ्या.