नांगर शेतातला आणि पाण्यातला

रान तयार झालं की धुळे-जळगावकडचा शेतकरी पलटी नांगर ट्रॅक्टरवरून उतरवतो, फाळाची माती खरडतो आणि जळक्या ऑइलचं फडकं त्यावरून फिरवतो. जमिनीत चालताना चांदीसारखा लखलखणारा फाळ पावसाळ्यात गोठ्याच्या भिंतीला नुसता टेकून राहिला की तांबूस होतो. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मराठीने बोट जागेवर धरणाऱ्या लोखंडालाही नांगरच म्हटलं. गंमत म्हणजे केंब्रिजचे शास्त्रज्ञ आणि हौशी दर्यावर्दी जेफ्री टेलर यांनी १९३३च्या सुमारास काढलेला ‘सीक्यूआर’ नांगर खरोखरच फाळाच्या आकाराचा आहे. बोटीच्या मालकांनी मात्र नाव घेतलं, शेतकऱ्याची सवय घेतली नाही.

गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारली. अशा सफरींत कौतुक शिडांच्या वाट्याला येतं. नाळेतल्या कप्प्यात पडलेल्या नांगराच्या साखळीकडे कोण बघतो?

आणि ती गंजते तिथेच. साखळीवर जस्ताचा थर असतो. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं, म्हणून ते आहे तोवर लोखंड वाचतं. पण कड्या एकमेकींवर घासतात तिथे थर आधी उडतो. त्यात तळाचा चिखल आणि मीठ. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे बंद कप्प्यातली साखळी महिनोन्‌महिने वाळतच नाही.

खारं पाणी लोखंडाचं काय करतं, हे बघायला खानदेशी माणसाला समुद्र गाठायची गरज नाही. चांगदेवला तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या काठाने वर विदर्भात गेलं की जमिनीखालचं पाणीच खारट असलेला खारपाणपट्टा लागतो. जळगावात लोखंडाऐवजी पीव्हीसीचे पाइप बनू लागले आणि शेतातल्या पाइपांपुरता गंजाचा प्रश्न सुटला. साखळीला ती पळवाट नाही. तिचं वजन तळाशी पडून राहतं, म्हणूनच नांगरावरची ओढ आडवी राहते आणि तो रुतून बसतो. लोखंड हवंच.

मग करायचं काय? वर ओढतानाच चिखल ब्रशने काढावा, बंदरात गोड्या पाण्याने धुऊन साखळी उन्हात पसरावी. वर्षाकाठी तिची टोकं अदलाबदल करावीत, कारण नांगराकडची बाजूच जास्त राबते. जस्त संपत आलं की पुन्हा चढवून घ्यावं. गंजावर रंग फासणं मात्र शुद्ध फसवणूक. पहिल्याच घासणीत तो निघतो, आणि तोवर खालची झीज झाकून ठेवतो.

त्यापेक्षा खिशात कॅलिपर ठेवावा आणि कडीच्या आतल्या वळणावर, जिथे दुसरी कडी बसते तिथे, जाडी मोजावी. १० मिलिमीटरची कडी ९ वर आली असेल, तर साखळी वरून कितीही चकचकीत दिसो, ती भंगारवाल्याची.