रूळ, चाक आणि घर्षण

घर्षण म्हणजे केवळ शक्तीचा अपव्यय, अशी समजूत आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात घर करून बसलेली दिसते. त्याने यंत्रे झिजतात, तापतात, त्यांस वारंवार तेल द्यावे लागते. तेव्हा ही पीडा जगात नसती तर बरे, असे त्यांस वाटते. आमचे मत याच्या उलट आहे. घर्षण नसते तर आपणांस एक पाऊलही टाकता आले नसते, भिंतीत खिळा राहिला नसता, की दोरीला गाठ बसली नसती. घर्षण अपुरे पडते तेथेच खरे भय असते. याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको; आंबिवली स्टेशनावर तो रोज डोळ्यांसमोर असतो.

पोलादी चाक पोलादी रुळावरून लोळते, तेव्हा त्यास अडथळा अत्यल्प होतो. म्हणूनच माणसांनी खचाखच भरलेली गाडी शहाडहून टिटवाळ्याकडे इतकी सहज धावते. परंतु अशा चाकाची रुळावरील पकडही बेताचीच असते. हाच लोहमार्ग पुढे कसाऱ्याहून इगतपुरीकडे थळ घाट चढतो. १८६५ साली खुल्या झालेल्या या घाटात ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे. तेथे पुढील इंजिनाची ओढ व पकड पुरत नाही, म्हणून जड गाड्यांस मागून ढकलणारी इंजिने जोडतात. चाके घसरू लागली की रुळांवर वाळू सोडतात.

चढण्यास जी पकड लागते, तीच थांबण्यासही लागते. गाडी जड असते म्हणून लवकर थांबत नाही, असे पुष्कळांस वाटते. ते पुरते खरे नव्हे. वजन वाढले की गाडी आवरणे कठीण होते खरे. पण त्याच प्रमाणात चाकांचा रुळावरील दाब वाढतो, व त्याबरोबर घर्षणही. उणीव आहे ती पकडीची. हिशेब करून पाहावा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे २८ मीटर. ब्रेक लावल्यावर गाडीच्या वजनाच्या एकदशांश एवढेच बल तिला रोखू लागले, तर थांबेपर्यंत ती सुमारे ३९० मीटर पुढे जाईल. तेच बल सात दशांश असते, जसे कोरड्या रस्त्यावर रबरी चाकांस मिळू शकते, तर ५६ मीटर पुरले असते. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते. चाके एकदम आवळून टाकावीत, तर ती घसरू लागतात, आणि घसरणाऱ्या पृष्ठभागांतील घर्षण स्थिर पृष्ठभागांतील घर्षणाहून सामान्यतः कमीच असते. पावसाने रूळ भिजले म्हणजे पकड आणखी घटते.

म्हणून ‘गाडी दूर आहे, चालक पाहील व थांबवील,’ या भरवशावर रूळ ओलांडणे, हे आमच्या मते धाडस नसून अज्ञान आहे. चालक कितीही दक्ष असला, तरी चाकांत नाही ती पकड तो कोठून आणणार? पालकांसही आमची विनंती आहे. घाईच्या वेळी मुलाचा हात धरून रुळांवरून नेणारा पालक, पाच मिनिटे वाचवून त्यास जन्माची वाईट सवय लावीत असतो.

परीक्षेत घर्षणाचे नियम बिनचूक लिहिणारा विद्यार्थी जर शाळा सुटताच रुळांवरून धावू लागला, तर त्यास गुण मिळाले, विद्या मिळाली नाही, असेच आम्ही म्हणू. पुलाच्या पायरीवर पाऊल घट्ट ठरते ते घर्षणामुळेच. परमेश्वराने दिलेल्या त्या आधाराचा उपयोग करावा आणि पुलावरूनच घरी जावे.