कादंबरीला सूर लावण्यापूर्वी

एखादी गाजलेली कादंबरी संगीत नाटकाच्या रूपाने रंगभूमीवर आणावी असे ज्याच्या मनात येते, तो लेखक आपल्याकडे बहुधा प्रथम एकान्तात बसून संहिता सिद्ध करतो, पदांसाठी मधूनमधून जागा मोकळ्या ठेवतो आणि मग ते बाड घेऊन संगीतकाराच्या शोधास निघतो. हा क्रमच मुळात चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कादंबरीतील कोणता प्रसंग गद्यातच राहावा आणि कोणता गाण्यावाचून अपुरा वाटेल, कोणत्या पात्राने गावे आणि कोणाचे सामर्थ्य त्याच्या मौनातच आहे, हे निर्णय म्हणजे रूपांतराचा पाया; आणि ज्या बैठकीत ते होतात तिथे पदकार व संगीतकार हजर नसतील, तर पुढे त्यांच्या वाट्याला केवळ सजावट येते.

व्हिक्टर ह्यूगो यांची ‘ले मिझेराब्ल’ ही १८६२ साली प्रसिद्ध झालेली अवाढव्य कादंबरी संगीत नाटकात कशी उतरली, याचा इतिहास या दृष्टीने फार उद्बोधक आहे. आलँ बूब्लील हे पदकार आणि क्लोद-मिशेल शोनबर्ग हे संगीतकार यांची जोडी आरंभापासून एकत्र होती, आणि १९८० साली पॅरिसच्या पाले दे स्पोर या भव्य क्रीडागृहात त्यांची कृती प्रथम रंगमंचावर आली. पुढे निर्माते कॅमेरॉन मॅकिंटॉश यांनी ती लंडनला आणण्याचे मनावर घेतले, तेव्हा भाषेच्या अडचणीपूर्वी निराळीच एक अडचण उभी राहिली. फ्रेंच प्रेक्षकाला कथा बालपणापासून ठाऊक, म्हणून पॅरिसच्या प्रयोगाने कथेचा आरंभ गृहीत धरला होता. इंग्रज प्रेक्षकाकरिता जाँ व्हालजाँची कैदेतून सुटका, बिशपच्या घरची चांदीची चोरी आणि त्या बिशपने दाखविलेली अपार क्षमा, हा सारा भाग नव्याने रचून अग्रभागी जोडावा लागला. इंग्रजी पदांचे काम प्रथम जेम्स फेंटन या कवीकडे होते. त्यांच्या हातून ते सुटल्यावर हर्बर्ट क्रेट्झमर या वृत्तपत्रात लिहिणाऱ्या गीतकाराकडे आले. एका चालीला तर बरेच दिवस शब्दच मिळेनात. ती ऐकून, ही तर प्रार्थना वाटते, असे जॉन केअर्ड या दिग्दर्शकाने म्हटले आणि क्रेट्झमर यांची वाट मोकळी झाली. मोर्च्यावर निजलेल्या तरुणासाठी व्हालजाँ जे मागणे मागतो, ते पद असे प्रयोग तोंडावर आला असताना जन्मले. चाल एकाची, अर्थ दुसऱ्याला दिसलेला, शब्द तिसऱ्याचे! ८ ऑक्टोबर १९८५ रोजी बार्बिकन नाट्यगृहात पडदा उघडला. समीक्षकांनी नाके मुरडली, प्रेक्षकांनी मात्र ते नाटक उचलून धरले.

आपल्या परंपरेला हे अपरिचित नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ आणले तेव्हा कालिदासाच्या ग्रंथाचे रूपांतर, साकी, दिंडी, कामदा यांच्या चालींतली पदरचना आणि तालीम, ही सारी कामे बहुतांशी एकाच प्रतिभावंताने पेलली. पण तो अपवाद होता, आणि अपवादाला नियम समजून आपले अनेक नाटककार फसले. ‘एकच प्याला’ची पदे गडकऱ्यांची नव्हेत, ती विठ्ठल सीताराम गुर्जर या कथालेखकाची आहेत, हे आज कितीजणांना ठाऊक असेल? स्वतः गडकरी ‘गोविंदाग्रज’ या नावाने कवी म्हणून मान्यता पावलेले असताना पदांचे काम स्नेह्याच्या हाती गेले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. उत्तम कवी आणि उत्तम पदकार या दोन भिन्न योग्यता होत.

मला स्वतःला फार दिवसांपासून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ रंगभूमीवर ऐकावीशी वाटते. पाहावीशी नव्हे, ऐकावीशी. औंध संस्थानातला तो कोवळा मास्तर, मेंढरांमागे उन्हातान्हात हिंडणारी धनगरवस्ती, वस्तीने श्रमदानाने उभी केलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळाने ओस पडत जाणारा गाव, या सर्वांत गाण्याच्या जागा ओतप्रोत भरल्या आहेत; परंतु त्या पुण्यामुंबईच्या पेटी-तबल्याच्या बैठकीतून सापडणार नाहीत. धनगरी ओवी उभ्या माळावर, ढोलाच्या ठेक्यावर आणि सुंबरानाच्या सुरावटीत वाढली आहे. ती म्हणणाऱ्या माणदेशी गायकाला केवळ नमुना ऐकवण्यापुरते बोलावून, त्याची चाल टिपून घेऊन त्याला बिदागी देऊन रवाना करणे हे चौर्यच होय. त्याला पहिल्या वाचनापासून बैठकीत बसवावे आणि तालमीच्या भिंती चढतात त्या प्रसंगी काय वाजावे हे त्याने सांगावे. दुष्काळाच्या अंकात काहीच वाजू नये, असे तो म्हणाला तर तेही ऐकावे, कारण ज्या गावात ढोल थांबला आहे त्या गावाचे दुःख वाद्यवृंदाने कथन करणे हा कादंबरीचा अपमान ठरेल.

अर्थात सहकारी मिळाले तरी सहकार्य आपोआप टिकत नाही. लेखकाच्या वारसांची लेखी अनुमती संहितेची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी घ्यावी, आणि पदकार, संगीतकार व रूपांतरकार यांच्यात रीतसर करारनामा व्हावा. उत्पन्नातील हिस्सा कोणाचा किती, मध्येच कोणी बाजूला झाला तर त्याच्या केलेल्या कामाचा मोबदला काय, चालीचा हक्क पुढच्या निर्मात्याकडे जातो की नाही, हे कलम-कलमाने लिहून सह्या व्हाव्यात. फेंटन यांची पदे बहुतांशी वापरली गेली नाहीत, तरी उत्पन्नातील त्यांचा वाटा करारान्वये कायम राहिला. आपल्याकडे मात्र करारनाम्याचा विषय काढणे म्हणजे मैत्रीवर अविश्वास, असा समज आहे, आणि त्या समजापायी चांगल्या जोड्या पहिल्या यशानंतरच दुभंगतात.

करार झाला तरी अशा एकत्र कामाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न उरतोच. शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेत गुण मिळतात ते पूर्ण सजलेल्या प्रयोगाला; त्याआधीच्या, सर्वांत कठीण काळाची तजवीज तिथे नाही. सांस्कृतिक खात्याने दरसाल दोन-तीन पुस्तकांसाठी रूपांतरकार, पदकार, संगीतकार आणि लोकगायक यांना चार-सहा महिने एकत्र काम करता येईल इतके मानधन मंजूर करावे, आणि अखेरीस नेपथ्य-वेशभूषेविना एखाद्या तालुक्याच्या गावी कच्चा प्रयोग करवावा. त्याला परीक्षक नकोत, बक्षीसही नको. ज्यांच्या मुलखाची ती कथा आहे त्या माणसांना आधी निमंत्रण जावे.