ताऱ्यांची सेवाज्येष्ठता

आमच्या येथील मंडळाच्या बैठकीत वार्षिक चित्रपटाचा विषय निघाला तेव्हा आम्ही एक मराठी चित्रपट सुचविला. त्यावर एका सन्माननीय सभासदांनी विचारले, "त्यात नामांकित नट कोण आहेत?" तसे कोणीच नव्हते. आमची सूचना बारगळली आणि ताऱ्यांनी खच्चून भरलेला एक हिंदी चित्रपट जवळजवळ मुक्रर झाला. त्या प्रश्नाचे उत्तर तेथे द्यावयाचे राहून गेले, ते येथे देत आहोत.

नटांच्या नावांवर तिकिटे खपतात. चित्रपट जगत नाही. २०१८ च्या दिवाळीतील 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' आठवून पाहावा. अमिताभ बच्चन व आमिर खान प्रथमच एकत्र! पहिल्या दिवशी चित्रपटगृहे तुडुंब भरली, आणि आठवडा सरतो न सरतो तोच गल्ला कोसळला. १९७८ च्या 'शालिमार'मध्ये तर धर्मेंद्र व झीनत अमान यांच्या जोडीला विलायतेहून रेक्स हॅरिसन आणला होता. आज त्यातील एखादे गाणे कानांत उरले असेल. कथा सांगू शकेल असा गृहस्थ निदान आमच्या कचेरीत तरी आढळला नाही.

असे का व्हावे? आम्हा कारकुनांस हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. पाच वरिष्ठ एका समितीवर नेमले की विषय बाजूस राहतो आणि कोणाची खुर्ची कोठे, आधी कोणी बोलावयाचे, ह्याचीच चिंता सुरू होते. येथेही तेच! प्रत्येक ताऱ्यास झोकदार प्रवेश हवा, गाणे हवे, मारामारी हवी; आणि कोणीच कोणापुढे उणे पडता कामा नये. असे मानाचे विडे वाटून झाल्यावर कथेच्या वाट्यास काय उरणार? प्रेक्षक नटाला पाहून घरी परततो. आणि तो नट तर त्याला पुढच्या चित्रपटातही दिसणारच असतो. मग हाच चित्रपट त्याने का म्हणून लक्षात ठेवावा?

येथे कोणी 'शोले'चे (१९७५) नाव घेईल. अवश्य घ्यावे, तो आमचाच साक्षीदार आहे. त्यात तारे होते, परंतु लोकांच्या मनात राहिले ते गब्बर आणि ठाकूर. जेमतेम तोंड उघडणारा सांबाही कोणी विसरला नाही, कारण कथेने त्याला त्याचे काम नेमून दिले होते. गब्बर झालेले अमजद खान तर तेव्हा नामांकितही नव्हते.

घरचेच दाखले हवेत काय? 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मधील (१९३६) आजारी लेकरासाठी विठोबाला जाब विचारणारी जिजाई आजही डोळ्यांपुढे उभी राहते. 'सैराट'मधील (२०१६) दोन्ही मुले नवखी होती. पण आर्ची आणि परशा ही नावे कोणास ठाऊक नाहीत?

आमची मुले मराठी ऐकतात ती घराच्या चार भिंतींत. भरल्या सभागृहात, शेकडो माणसांच्या हशात आणि हुंदक्यांत ती भाषा ऐकण्याची संधी त्यांना वर्षातून एकदाच मिळते. पुढच्या रविवारपर्यंत विसरल्या जाणाऱ्या चित्रपटासाठी ती दवडावयाची काय? निर्णय पक्का होण्यास अद्याप एक बैठक बाकी आहे. तीत आम्ही तीच सूचना पुन्हा मांडणार आहोत. सभासदांनी ह्या खेपेस 'नट कोण?' असे न विचारता 'गोष्ट काय?' एवढेच विचारावे.